माझ्या काचेत न आलेला खांब

मी एक जुना टीव्ही आहे. एकवीस इंची, जाड काचेचा, पाठीमागे रांजणासारखं पोट असलेला. अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यात, तुळशीराम नाखव्याच्या घरात मी बावीस वर्षं काढली. मित्रांनो, अशी हकीकत सांगताना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. खरं सांगायचं तर तुमच्याशी मैत्री करावी असं मला मुळीच वाटत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असलाच तर तो माळ्यावर धूळ खात असेल, नाहीतर केव्हाच भंगारात गेला असेल. जाताना त्याला तुम्ही 'बिघडला' म्हणाला असाल. मला तर त्याहून वाईट म्हणाले. मला खोटारडा म्हणाले. हे सगळं मी रागाने सांगणार आहे. गोड बोलणारा टीव्ही हवा असेल तर शेजारी धनेशकडे पंचावन्न इंची आहे, तिकडे जा.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अलिबागच्या दुकानातून टेम्पोत बसून मी वाडीत आलो तेव्हा तुळशीरामाचा मुलगा दीपेश पहिलीत होता. तो टेम्पोमागे बंदरापासून धावत आला. नीराबाईने, म्हणजे तुळशीरामाच्या बायकोने, मला हळदकुंकू लावलं. कौलांवर अँटेना चढला, पापलेटाच्या काट्यासारखा, आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धी वाडी माझ्यासमोर मांडी घालून बसली. दसऱ्याला मला झेंडूची माळ असायची. होडीला एक आणि मला एक.

एका नोव्हेंबरात दुपारच्या बातम्यांत मी वादळाचा इशारा दिला. तुळशीराम तेव्हा होडीवर बर्फ चढवत होता. नीराबाई अनवाणी बंदरावर धावली आणि चार होड्या निघता निघता थांबल्या. त्या रात्री दर्याने काय केलं ते वाडी अजून विसरलेली नाही. पण मला मात्र विसरली. तेव्हा येसाजी, म्हणजे आमच्या वाडीचा मुख्य पंच, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, "ह्यो टीव्ही न्हाय, वाडीचा मानूस हाय." उचलली जीभ लावली टाळ्याला. याच येसाजीचं पुढे काय झालं ते सांगतो.

खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. चित्र लटपटायला लागलं की तुळशीराम माझ्या उजव्या बाजूला दोन चापट्या मारायचा आणि मी ताळ्यावर यायचो. त्या चापट्यांचा मला कधी राग आला नाही. होडीच्या इंजिनालाही तो तशाच मारायचा. मायेची माणसंच मारतात, असं मी तेव्हा समजत होतो.

मग रुंद टीव्ही आले. सपाट, बिनपोटाचे, भिंतीला टांगलेले. त्यांच्यासाठी चित्रीकरणही रुंद व्हायला लागलं. माझा चेहरा जवळजवळ चौकोनी, त्यांचा लांबट. आता लांबट चित्र चौकोनी तोंडात बसवायचं कसं? सुरुवातीला ते चित्र मला बारीक करून द्यायचे. वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी आणि मध्ये अख्खं चित्र. लहान दिसायचं, पण पुरं दिसायचं. तर तुम्ही लोकांनी बोंब मारली. नीराबाईनेही मारली, मी तिला सोडणार नाही. "अर्धा टीव्ही काला दिसतं," म्हणाली. घरोघरी हेच रडगाणं. मग वाहिन्यांनी सोपी युक्ती काढली. त्यांनी चित्र मोठं केलं आणि दोन्ही कडा कापून टाकल्या. लग्नाचा लांब फोटो छोट्या चौकटीत बसवायला दोन्ही टोकांच्या आत्या कापाव्यात, तसं. रुपयातले चार आणे चित्र कापून मला उरलेलं बारा आणे पाठवायला लागले. पडदा भरला आणि तुम्ही खूश झालात. कडेला काय होतं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्या नशिबी काय काय आलं ते ऐका. मालिकेत सासू एका टोकाला उभी आणि सून दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे दोघींची फक्त नाकं यायची आणि मधोमध एक फुलदाणी. नीराबाई विचारायची, "कोनाशी बोलतं ती?" क्रिकेटमध्ये धावसंख्येचा पहिला आकडाच गायब. दीपेश म्हणायचा, "आपला टीव्ही गेला." तेच चित्र, तीच वाहिनी, धनेशच्या घरी महागड्या पॅकमध्ये पुरं यायचं आणि आमच्या स्वस्त पॅकमध्ये छाटून यायचं. माझ्यात काही बिघडलेलं नव्हतं. पण हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नाही.

आता मुख्य गोष्ट. धुळवडीला आमच्या वाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत असते. बंदरावरून निघायचं, खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. जो पहिला येतो त्याला नारळी पौर्णिमेला वाडीचा सोनेरी नारळ दर्यात सोडायचा मान. खांब बंदरावरून दिसत नाही. म्हणून एक पंच छोट्या होडीत खांबाजवळ बसतो. होडीने नीट वळसा घातला की तो पांढरं फडकं हलवतो. होडीतल्या गड्यांची साक्ष धरत नाहीत, कारण आपल्या होडीसाठी कोण खोटं बोलणार नाही? आणि वळसा न घालता जो आधीच माघारी वळतो त्याने 'खांब खाल्ला' असं म्हणतात. खांब खाणाऱ्याला पुन्हा कधी शर्यतीत सुकाणू धरू देत नाहीत. आमच्या वाडीत चोरी केलेल्याला लोक एकवेळ पंगतीत बसवतील, पण खांब खाल्लेल्याला नाही.

तुळशीराम चाळीस वर्षं शर्यतीत उतरला आणि एकदाही पहिला आला नाही. कधी शीड फाटलं, कधी वारा पडला. या वर्षी त्याने सांगून टाकलं होतं, "ही शेवटची. आता हात कापतात." आणि या वर्षी तो पहिला आला. धनेशच्या होडीपेक्षा पुरती एक होडी पुढे. बंदरावर बँजो वाजायला लागला, नीराबाई नाचली म्हणतात, किनारपट्टीवर कार्यक्रम करणारे टीव्हीवालेही यंदा कॅमेरा घेऊन आले होते. पण येसाजी पंचाने हात वर केला. तुळशीरामाच्या होडीला पांढरं फडकं हललंच नव्हतं.

त्या संध्याकाळी पंच आमच्याच घरी बसले. मी समोरच होतो, सगळं ऐकत होतो. खांबावर बसलेला पंच म्हणजे बुधाजी मान खाली घालून बसला होता.

"बुधाजी, फडका हलवलास का न्हाय?" येसाजीने विचारलं.

"धनेशच्या होडीला हलवला. तुळशीराम आला तवा ती टीव्हीवाली पोर माझ्या होडीत व्हती. ती मना इचारत व्हती, ह्यो खांब कवापासून हाय. मी तिला सांगत व्हतो."

"खांबाची गोष्ट सांगत व्हतास आनि खांब बगितला न्हायस?"

"खांबाला पाठ व्हती माझी. कॅमेऱ्यात बग म्हनाली ना ती."

बुधाजी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि ज्या कामासाठी वाडीने त्याला बसवलं होतं तेच विसरला. मी हसलो असतो, पण तुळशीरामाचा चेहरा पाहून हसू आलं नाही.

येसाजी धनेशकडे वळला. "तू मागंच व्हतास. तू सांगितलंस तर तुझ्याच तोट्याची साक्ष हाय, ती आम्ही धरू. तुला दिसला का वळसा?"

धनेश आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. लहानपणी तो दीपेशबरोबर माझ्यासमोर बसून खोबऱ्याची वडी खायचा. तो म्हणाला, "माझं ध्यान शिडावर व्हतं."

मग येसाजीलाच सुचलं. कॅमेरा तिथे चालू होता ना? चित्र तर आलंच असणार. किनारपट्टीवरचा तो कार्यक्रम एका रविवारी सकाळी दाखवणार होते. येसाजीने निकाल अडवून ठेवला आणि ठरवलं, टीव्हीत तुळशीरामाची होडी खांबाला वळसा घालताना दिसली तर नारळ त्याचा. नाही दिसली तर धनेशचा.

"माझ्याकडं बगू सगले," धनेश म्हणाला. "मोठा टीव्ही हाय, बारीकसारीक दिसंल."

हे तो मनापासून म्हणाला असेल की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण तुळशीराम ताडकन बोलला, "न्हाय. तुझा टीव्ही तुझ्या घरचा. त्यात मानसं फुगल्यावानी दिसतात. बगायचं तर माझ्या टीव्हीत. बावीस वर्सं झाली, एकदा खोटा बोलला न्हाय तो."

घरच्या गड्याची साक्ष धरत नाहीत, मग घरच्या टीव्हीची कशी धरली, असं एकानेही विचारलं नाही. माणसाचं तोंड आपला फायदा बघून फिरतं, टीव्हीचं फिरत नाही, अशी त्यांची समजूत. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की आज आठवलं तरी स्वतःचीच चीड येते. मला माहीत होतं ना, माझ्याकडे छाटलेलं चित्र येतं! पण मला वाटलं, खांब मध्येच असेल. इतकी महत्त्वाची गोष्ट कोण कडेला ठेवील?

तो रविवार उजाडला. हेमांगीने, म्हणजे दीपेशच्या बायकोने, माझी काच ओल्या फडक्याने पुसली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांवरसुद्धा पोरं. तुळशीराम धुतलेला सदरा घालून माझ्या अगदी समोर बसला. धनेशही आला. त्याची बायको विनिता तेवढी घरी राहिली, तिच्या चुलीवर कालवण होतं.

कार्यक्रम सुरू झाला. नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर नेहमीप्रमाणे माझ्या बाहेर राहिलं. मग बंदर, मग होड्या, मग मासे विकणाऱ्या बायका. नीराबाई रांगेच्या टोकाला बसली होती, तिचा फक्त गुडघा आणि टोपली आली. बायका हसल्या. मग बुधाजी आला. मधोमध, छाती काढून, खांब किती जुना आहे ते सांगत. त्याच्या मागे पाणी. माझ्या डाव्या कडेला, अगदी काठाला, शिडाचा एक तिकोनी तुकडा शिरला. थरथरला आणि पुन्हा काठाबाहेर गेला.

बस, एवढंच माझ्याकडे आलं.

मित्रांनो, मी माझी सगळी ताकद लावली. पण जे मला पाठवलंच नाही ते मी कुठून आणू? तो खांब आणि ती होडी बुधाजीच्या खांद्यामागे, डाव्या बाजूच्या त्या कापून टाकलेल्या दोन आण्यांत होती. कुठल्या तरी दूरच्या थंड खोलीत बसलेल्या कुणी तरी ती छाटली होती, आणि छाटताना त्याने पाहिलंही नसेल. लगेच पुढच्या चित्रात बुधाजी बाजूला झालेला, आणि धनेशची होडी खांबाला वळसा घालताना मधोमध, लख्ख.

"खांब कुठं हाय नाखव्याचा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"शीड आला नि माघारी गेला!"

"खाल्ला! खांब खाल्ला!"

दीपेश मुठी आवळून उठला. तुळशीरामाने त्याला हाताला धरून खाली बसवलं. तो माझ्याकडेच बघत होता. कार्यक्रम संपून जाहिराती लागल्या तरी तो बघत होता, जणू साबणाच्या जाहिरातीनंतर तरी खांब येईल. येसाजीने घसा साफ केला आणि निकाल दिला. नारळ धनेशचा. तुळशीरामाने यापुढे शर्यतीत सुकाणू धरायचं नाही. सगळे उठून गेले. धनेश कुणाकडेही न बघता गेला.

मग तुळशीराम माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, नेहमीच्या दोन चापट्या मारील. मारल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने हातही लावला नाही. "खोटारडा," म्हणाला. फक्त तेवढंच. आणि दीपेशला सांगून त्याने माझं तोंड भिंतीकडे फिरवलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कापणारा तिकडे, पाठ फिरवणारा बुधाजी तिकडे, आणि शिक्षा मला.

पण ज्या भिंतीकडे माझं तोंड केलं तिच्या पलीकडे धनेशचं घर. त्याच संध्याकाळी मी भिंतीतून ऐकलं. विनिता बोलत होती.

"खांब व्हता. मी बगितला. बुधाजीकाकांच्या खांद्यामागं. नाखवांनी अख्खा वलसा मारला."

धनेशची खाट करकरली.

"तुम्ही तर तिथंच व्हता. तुम्हाला दिसला न्हाय?"

"गप रव," धनेश म्हणाला. "निकाल टीव्हीनं दिलाय. मी न्हाय दिला."

ऐकलंत? मी दिला म्हणे! मी त्या क्षणी ओरडलो असतो. पण मला दिलेलंच बोलता येतं, आणि माझी तर वायरही काढून ठेवली होती. तो चैत्र, वैशाख, अर्धा पावसाळा मी ते वाक्य पोटात घेऊन भिंतीकडे बघत बसलो.

घरात काय चाललंय ते मला पाठीमागून ऐकू यायचं. नीराबाई बाजारातून येऊन टोपली आदळायची. कुणीतरी तिला विचारलं होतं, "खांब कसा लागतो गो, खारा का गोडा?" ती भांडून आली होती. दीपेशला बंदरावर गडी मिळेनात. आणि तुळशीराम बंदरावर जायचाच बंद झाला. जो माणूस पहाटे दर्या बघितल्याशिवाय चहा घेत नसे, तो भिंतीला टेकून दिवसभर जाळं विणायचा. एकदा हेमांगी त्याला म्हणाली, "बा, जरा खाली जाऊन या. वारा चांगला हाय." तो म्हणाला, "कोनाला तोंड दाखवू?" ते ऐकून मला त्याची दया आली, आणि रागही आला. तुझं तोंड तरी तुला कुठेही फिरवता येतं, म्हटलं.

आषाढात एक दिवस हेमांगी बोंबील वाळवायच्या काठ्या बांधून घरी आली ती तणतणतच. विनिता तिथे तिच्याशी बोलली होती. सरळ काही बोलली नव्हती, नवऱ्याविरुद्ध कशी बोलणार? एवढंच म्हणाली होती, "तुमचा टीव्ही कडा खातो गो. आमच्यात समदं दिसतं." हेमांगी बारावी शिकलेली. तिने दुसऱ्याच दिवशी केबलवाल्या विनेशला घरी बोलावलं.

विनेशने मला पुढे ओढलं. तीन महिन्यांनी मी उजेड पाहिला.

"टीव्ही खराब हाय का हा?" हेमांगीने विचारलं.

"टीव्हीला काय धाड भरली? एकदम ओके हाय. तुमच्या पॅकात साधी वाहिनी येते ना, तिच्यात दोन्ही बाजू कापून येतात. शेजारी एचडी हाय, तिच्यात फुल येतं."

"कोन कापतं?" नीराबाई पुढे आली. "तू कापतोस?"

"मी कशाला कापू मावशी? वरनंच कापून येतं. सगल्यांचंच येतं."

"मंग आधी सांगितलं का न्हायस, मेल्या?"

"कोनी इचारलंच न्हाय."

हा विनेश बारा वर्षं दर महिन्याला या घरात यायचा आणि चहा पिऊन जायचा. हे सांगायला त्याला बारा वर्षांत वेळ मिळाला नाही. पण त्याने एक काम केलं. मोबाईलवर बघून सांगितलं की तोच कार्यक्रम नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी पुन्हा दाखवणार आहेत. हेमांगी तशीच येसाजीच्या दारात जाऊन उभी राहिली. येसाजी आधी तयार होईना, पंचांचा निकाल फिरत नसतो म्हणे. पण तीही हटेना. शेवटी ठरलं, या वेळी धनेशच्या घरी बघायचं. धनेशने टीव्ही बिघडलाय असं सांगून पाहिलं. विनिताने सगळ्यांसमोर तो चालू करून दाखवला.

तुळशीराम गेला नाही. "मी तिथं व्हतो," म्हणाला. "मना बगायची गरज न्हाय." तो माझ्याजवळच जाळं घेऊन बसला. विनेश गेल्यावर मला पुन्हा भिंतीकडे फिरवलं होतंच. भिंतीतून मला कार्यक्रमाची सुरुवातीची धून ऐकू आली, मग बायकांचा आवाज, मग बुधाजी, तेच शब्द, तोच खांब किती जुना.

"थांबव!" येसाजी ओरडला. "मागं घे. परत." धनेशच्या महागड्या पॅकात चालू कार्यक्रमही मागे घेता येतो.

बुधाजी पुन्हा बोलला. मग पुन्हा. आणि विनिताचा आवाज आला, "दिसला का खांब?"

थोड्या वेळाने सगळे आमच्या घरात. पुढे येसाजी, हातात रिकामं ताट, असं नंतर नीराबाई सांगत होती. त्यात नारळ ठेवायचा असतो. मागे बुधाजी, पंच, दारात हेमांगी, आणि सगळ्यांच्या मागे धनेश.

"नाखवा, चूक झाली," येसाजी म्हणाला. "तुम्ही वळसा मारला, आम्ही समद्यांनी बगितला. ह्या टीव्हीनं घात केला."

बघा! पुन्हा मीच. वाडीचा माणूस म्हणून ज्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तोच हा.

तुळशीरामाने जाळं खाली ठेवलं. ताटाकडे बघितलंच नाही म्हणे.

"धनेश, फुडं ये."

धनेश पुढे आला. मला दिसत नव्हता, पण त्याची चप्पल ऐकू आली.

"धुलवडीला तू माझ्या मागं व्हतास. किती मागं?"

"दोन वल्ह्यांचं अंतर," धनेश म्हणाला.

"तुला खांब दिसला व्हता का न्हाय?"

बाहेर कुणीतरी मोटार चालू केली आणि बंद केली. दीपेश काहीतरी बोलायला गेला, त्याला नीराबाईने गप्प केलं.

"दिसला व्हता."

"कवा? आज?"

"धुलवडीला."

"मंग पाच महिने टीव्हीत काय शोधत व्हतास?"

धनेशला रडू फुटलं. मोठा माणूस हमसून रडताना कसा आवाज येतो, तो मी पहिल्यांदा ऐकला. मालिकांत रडतात तसा तो नव्हता. मला त्याची कीव आली नाही. तुम्हाला आली असेल तर तुमचं तुम्ही बघा.

तुळशीराम उठला. येसाजीला म्हणाला, "टीव्हीनं दिलेला नारल मना नको. ह्यानं बंदरावर, समद्यांफुडं, काय दिसलं ते बोलायचं. मंग ह्याच्या हातानं द्या."

आणि तसंच झालं. पौर्णिमेला बंदरावर धनेशने ते सांगितलं. बायकांनी ऐकलं, नीराबाईला चिडवणाऱ्यांनीही ऐकलं. मग त्यानेच तो सोनेरी नारळ तुळशीरामाच्या हातात ठेवला आणि तुळशीरामाने तो दर्यात सोडला. परत आल्यावर त्याने नीराबाईकडे गरम पाणी मागितलं, जेवला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा घोरत झोपला. मला हे सगळं ऐकूनच माहीत. दाखवायला मला कुणी नेलं नाही.

गणपतीला दीपेशने नवीन टीव्ही आणला. रुंद, सपाट. मला मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. माझ्यावर आता सुक्या जवळ्याचं पोतं आहे. मी खोटा नव्हतो, हे घरात सगळ्यांना कळलं आहे. विनेशने त्यांच्यासमोरच सांगितलं ना! पण "तुला उगाच बोललो" असं म्हणायला एकही जण पडवीत आला नाही. तुळशीराम रोज इथून जातो. पोत्यातून मूठभर जवळा घेतो आणि जातो. गरज सरो, वैद्य मरो.

तर मित्रांनो, मला पुसा, झाका, जपा असं सांगायचं माझं वय गेलं. भंगारवाला आला तर मी जाईन. मला तुमच्याकडून एकच हवंय. तुमच्यासमोर काही घडेल, तुमच्या डोळ्यांना ते स्वच्छ दिसेल आणि कुणी तरी विचारील, तेव्हा आमच्याकडे, काचेकडे, बोट दाखवू नका. मला तर जेवढं पाठवलं तेवढंच बोलता येत होतं. धनेशला तोंड होतं.